घरपट्टीची आकारणी आणि आपली दाद

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरपट्टी बुडवा असे सांगण्याकरिता आम्ही आज आपल्यापुढे उभे नाही. गावची दिवाबत्ती, गटारे व रस्ते पट्टीच्याच पैशांतून नीट राहतात, आणि जो पट्टी भरतो तोच पंचायतीला उजळ माथ्याने जाब विचारू शकतो. आमचे म्हणणे इतकेच की, खरे असेल तेवढेच द्यावे. व ते खरे आहे की नाही, हे आपण स्वतः पाहावे.

आपल्या लोकांची रीत काय? बिल आले म्हणजे काही मंडळी कुरकुरत भरतात, काही रागाने भरतच नाहीत. दोन्ही वाटा नुकसानीच्या आहेत. न भरणाऱ्याची थकबाकी वाढते, गोष्ट जप्तीपर्यंत जाते, आणि चूक मात्र वहीत जशीच्या तशी राहते!

ती वही म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, जिला नमुना ८ म्हणतात. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. १९६० च्या कर व फी नियमांत डिसेंबर २०१५ मध्ये फेरफार झाला, तेव्हापासून खेड्यातील घरपट्टी घराच्या भांडवली मूल्यावर बसते. जागेचे व बांधकामाचे क्षेत्र, त्यांचे सरकारी दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा आणि वापराचा भारांक यांवरून हे मूल्य निघते. राहत्या घराचा भारांक १, कारखान्याचा १.२० व दुकानाचा १.२५. मग दर हजार रुपये मूल्यास मातीच्या घराला ३० ते ७५ पैसे, मातीत बांधलेल्या दगडविटांच्या घराला ६० ते १२० पैसे, चुना-सिमेंटच्या पक्क्या घराला ७५ ते १५० पैसे, आणि आर.सी.सी. घराला १२० ते २०० पैसे. या मर्यादेत नेमका दर पंचायत ठरविते. तेव्हा क्षेत्र, बांधणी, वय व वापर, या चार रकान्यांतच सारी मेख आहे.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. वडिलांनी बांधलेले दगडमातीचे घर, पुढे पडवी, पडवीत धाकटे बंधू सुतारकाम करतात. एका आकारणीत पट्टी एकदम दुपटीवर गेली. वडील म्हणाले, "वहीत लिहिलंय, आता आपण काय बोलणार?" आम्ही नमुना ८ चा उतारा मागितला. पाहतो तो घर सिमेंटचे पक्के, पुढचे मोकळे अंगण बांधकामात धरलेले, आणि पडवीसकट सारे घर दुकान! वीस फूट रुंद व तीस फूट लांब, म्हणजे ६०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर घर. वहीत ९० मीटर लागले होते. मोजणारा गृहस्थ रस्त्यावरूनच पाहून गेला होता.

आम्ही टेप आणला, दोन वडीलधाऱ्या शेजाऱ्यांसमक्ष घर मोजले, कागदावर नकाशा काढला आणि अर्जाच्या दोन प्रती केल्या. "पट्टी फार आहे" असे त्यात लिहिले नाही; कोणता रकाना चुकला व खरा आकडा कोणता, एवढेच लिहिले. दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतली. "पुढच्या आकारणीत पाहू," असे तोंडी उत्तर मिळाले. आम्ही म्हटले, "हेच लिहून द्या." आठ दिवसांत मोजणी झाली व नोंद दुरुस्त झाली. पडवीची नोंद मात्र धंद्याचीच राहिली. ती आम्ही मान्य केली, कारण ती खरी होती.

पंचायतीने ऐकलेच नाही तर? १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२४ प्रमाणे आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येते, आणि त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. आकारणीची नोटीस लागली की तिच्यातील हरकतीची मुदत आधी वाचावी. मुदत गेली की खरा माणूसही खोटा पडतो. आणखी एक ध्यानात ठेवा: नमुना ८ हा पट्टीचा कागद आहे, मालकीचा दस्तऐवज नव्हे.

भगिनींना विशेष विनंती. मोजणारा येतो तेव्हा घरधनी बहुधा शेतावर असतो. तेव्हा त्याने काय मोजले, वहीत काय लिहिले, हे तुम्हीच विचारा. शेजारच्या माडीच्या घराला कमी व आपल्या मातीच्या घराला जास्त पट्टी असेल तर तेही विचारा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दप्तराची भीती आपल्या हाडांत मुरली आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने बंद केली. पण ज्याला वही वाचता येत नाही, त्याच्यावर वहीवाल्याचे राज्य चालतेच, मग तो वहीवाला कोणत्याही जातीचा असो. आजची पंचायत आपल्याच मतांनी बसलेली आहे. माणसाने लिहिलेली चूक माणसानेच खोडता येते.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढेच करा. बिल काढा, नमुना ८ चा उतारा मागा, आणि आपले घर आपल्या हाताने मोजा.