गांजाची मागणी आणि कायदा


मुरगूडच्या, वेदगंगाकाठच्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

गांजाला परवानगी द्यावी का?
हा वाद आता बांधापर्यंत आला आहे.

2021 साली मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला.
पिकाला भाव नाही,
गांजा लावू द्या,
ही त्याची मागणी.
त्याचं दुखणं खरं होतं.
वाट मात्र धोक्याची.

कारण कायदा स्पष्ट आहे.
1985 चा अमली पदार्थ कायदा सांगतो,
विनापरवाना गांजाचं झाड लावणं हा गुन्हा.
शिक्षा, 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी.
शिवाय दंड.

परवानगी मागणारे म्हणतात,
या झाडापासून औषध होतं, धागा होतो.
ते खरं आहे.
उत्तराखंडात याच झाडाच्या कमी नशेच्या वाणाच्या लागवडीला परवाना मिळतो.

विरोध करणारे म्हणतात,
नशेनं कोवळ्या पोरांचं डोकं बिघडतं.
तेही खरं आहे.

औषधासाठी संशोधन जरूर व्हावं.
शेतमालाला भाव मिळायलाच हवा.
पण पुन्हा सांगतो,
विनापरवाना झाड लावणं हा गुन्हाच.

उसाच्या आडोशाला गांजा लावू नका.
चार पैशांपायी घरादाराची परवड करू नका.