पराभव वाचून दाखविणारे अध्यक्षस्थान
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



अमेरिकेत निवडणूक नोव्हेंबरात होते, निकालही लगेच कळतो. मग जानेवारीत पुन्हा मोजायचे ते काय, असे आपल्यापैकी काहीजणींनी विचारले, म्हणून हा विषय घेतला.

तेथील जनता निवडते ते ५३८ निर्वाचक. हे निर्वाचक डिसेंबरात आपापल्या राज्यात मते देतात व त्यांचे दाखले मोहोरबंद होऊन राजधानीस जातात. ६ जानेवारीस दुपारी एक वाजता काँग्रेसची दोन्ही सभागृहे एकत्र बसतात. महोगनी लाकडाच्या पेट्या येतात. अलाबामापासून वर्णानुक्रमे एकेक दाखला उघडतो. प्रत्येक सभागृहाचे दोन मोजणीदार तो वाचतात, टिपतात. २७० मते मिळाली की झाले.

खरी मौज पुढेच आहे. अध्यक्षस्थानी असतात उपराष्ट्राध्यक्ष, आणि कधीकधी तेच हरलेले उमेदवार! आपल्या हरण्याची चिठ्ठी आपणच खणखणीत आवाजात वाचायची. आपल्याला भिशीतही ते जड जाते.

१९६१ साली निक्सन यांच्यावर ही पाळी आली. त्यात हवाई राज्याकडून परस्परविरोधी दाखले आलेले. तेथे फेरमोजणीत केनेडी अवघ्या ११५ मतांनी पुढे निघाले होते. निक्सन यांनी आपण होऊन केनेडींचा दाखला धरावा असे सुचविले. कुणी हरकत घेतली नाही. २००१ साली गोर यांनी तर, सिनेटरची सही नाही म्हणून, स्वपक्षीयांच्याच हरकती एकामागून एक फेटाळल्या, आणि बुश २७१ मतांनी निवडून आल्याचे सांगितले.

२०२१ साली मात्र हरलेले राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आग्रह धरला की, उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांनी काही राज्यांची मते नाकारावीत. पेन्स यांनी तसा अधिकार आपणास नाही असे कळविले. जमाव इमारतीत घुसला. त्या गडबडीत सिनेटच्या कर्मचाऱ्यांनी पेट्या उचलून सोबत नेल्या, हे मला फार मोठे काम वाटते. दाखले फाटले असते तर त्या रात्री वाचायचे काय? मोजणी संपली दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेचारच्या सुमारास.

पुढे २०२२ च्या कायद्याने स्पष्ट केले की, अध्यक्षस्थानाचे काम केवळ औपचारिक आहे. आणि हरकतीला प्रत्येक सभागृहातील एक पंचमांश सभासदांचा पाठिंबा हवा. पूर्वी एकेक सभासद पुरे होता.

६ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत होते. कमला हॅरिस अध्यक्षस्थानी होत्या. ट्रम्प ३१२, हॅरिस २२६, असे त्यांनी वाचून दाखविले, आणि तासाच्या आत सभा उठली.