एक भिंत मुलांसाठी



१९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ काढला. आरांनी तर मोटारी धुऊन पोट भरलेलं. १९४९ मध्ये सगळ्यांनी मिळून प्रदर्शन भरवलं. त्यांतले शिल्पकार सदानंद बाकरे पुढे इंग्लंडहून परतले आणि आपल्या दापोलीजवळच्या मुरुडला राहिले. २००७ मध्ये वारले.

मी सॉफ्टवेअरवाली. पण पहिलं काम चार लोकांना दाखवायला जागा लागते, हे आमच्याकडेही खरंच. म्हणून सुचवते: आपण बॅचने वर्गणी काढून शाळेतली एक भिंत मुलांच्या चित्रांसाठी तयार करू. चित्र विकलं गेलं, तर पैसे मुलाचेच. सर, तुम्ही फक्त भिंत दाखवा!