न दिसणारी हिंसा : नदीचे पाणी आणि जलचर



श्रावकाच्या घरी मासा शिजत नाही. म्हणून जलचरांच्या हिंसेशी त्याचा संबंध नाही, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु शास्त्रकारांनी हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी तिन्ही अंगांनी पाहिली आहे. चंद्रपूरच्या नद्यांकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

कोळसा आणि औष्णिक वीज ही चंद्रपूरची ओळख. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले. ७० पलीकडील क्षेत्रे अतिगंभीर प्रदूषित मानली गेली. कोळशात पारा, शिसे, आर्सेनिक, कॅडमियम अत्यल्प प्रमाणात असतात. कोळसा जळून जातो, धातू नष्ट होत नाहीत. पारा बहुतांशी धुरावाटे जातो, इतर धातू मुख्यतः राखेत उरतात. ती राख पाण्यात गेली की ते नदीच्या गाळात साठतात.

कॅडमियम माशाच्या कल्ल्यांतून कॅल्शियम शोषू देत नाही. शिसे रक्त व मज्जासंस्थेवर आघात करते. गाळातील जिवाणू पाऱ्याचे अधिक घातक मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. शेवाळातून लहान माशात, लहान माशातून मरळीसारख्या शिकारी माशात त्याचे प्रमाण वाढत जाते. मासा लगेच मरत नाही. यकृत व मूत्रपिंड झिजतात, प्रजनन मंदावते, पिल्ले विकृत निपजू शकतात. मेलेला मासा दिसतो. खंगणारा दिसत नाही. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघड झालेला आजार अशाच पाराग्रस्त माशांतून माणसांपर्यंत पोहोचला होता.

झरपट इरईला आणि इरई वर्धेला मिळते. वर्धा-वैनगंगेच्या संगमातून निघालेली प्राणहिता गडचिरोलीच्या सीमेवरून गोदावरीकडे जाते. या नद्यांवर ढिवर, भोई कुटुंबांची चूल अवलंबून आहे. पंचेंद्रिय जलचरांची पीडा अशी मनुष्यापर्यंत येऊ शकते.

श्रावकाने काय करावे? जुन्या बॅटऱ्या व पारा असलेल्या ट्यूबलाइट नाल्यात वा उकिरड्यावर टाकू नयेत. त्या वेगळ्या जमवून अधिकृत संकलकाकडे द्याव्यात. दुकानदारांनी ग्राहकांकडून त्या परत घ्याव्यात. विजेचा अपव्यय टाळावा. उद्योग चालविणाऱ्यांनी सांडपाण्याची तपासणी हाही व्रताचाच भाग मानावा.

प्रतिक्रमणात इरियावहियं म्हणताना एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांची क्षमा मागितली जाते. सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या क्षमेला आचरणाची जोड मिळाली, तर नदीतील जीवांनाही ‘मिच्छामि दुक्कडम्’ खऱ्या अर्थाने पोहोचेल.

जय जिनेंद्र.