एकसंब्याचे हिंदकेसरी : श्रीपती खंचनाळे



ग्रंथालयाच्या शताब्दीत मल्लाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु सीमाभागातील गावांनी वर्गणी काढून ज्या संस्था पिढ्यान्‌पिढ्या जगविल्या, त्यांत वाचनालयाच्या शेजारीच तालमीचे नाव घ्यावे लागते. त्या तालमीचे मोल श्रीपती खंचनाळे यांच्या कारकिर्दीवरून जोखता येते.

चिकोडी तालुक्यातील एकसंबा हे त्यांचे गाव. दूधगंगा ओलांडली की कोल्हापूर जिल्हा लागतो. 1934 साली ते जन्मले तेव्हा हे गाव मुंबई इलाख्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तोवर एकसंब्याचा हा तरुण कुस्तीसाठी कोल्हापूरचा झालेला होता. नकाशावरची रेघ हलली, तरी मल्लाची वाट तीच राहिली.

या वाटेची रीत ठरलेली असे. शेतकऱ्याचे पोर गावच्या तालमीत उतरे. जत्रेच्या मैदानात त्याची पहिली कुस्ती रेवड्यांवर किंवा नारळावर लागे. वस्तादाची नजर बसली म्हणजे ते मोठ्या तालमीत जाई. तिथे पहाटेचे जोर-बैठका, ताक, तेल आणि हळद घालून मळलेली लाल माती आणि ढाक, घिस्सा, एकलंगी या डावांची अखंड घोटाई. खरा प्रश्न असे तो खुराकाचा. दूध, तूप, बदाम यांचा रोजचा खर्च अल्पभूधारक घराला पेलणारा नव्हता. राजर्षी शाहूंच्या काळी दरबार हा भार उचलीत असे. 1912 साली खुले झालेले खासबाग मैदान त्या राजाश्रयाची साक्ष देते. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि तो आधार सरला. पुढच्या पिढीचे मल्ल मैदानातील इनामावर आणि चार शौकिनांच्या औदार्यावर वाढले. खंचनाळे या पिढीचे.

कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत त्यांची घडण झाली. 1959 साली पंजाबच्या बंतासिंगाला हरवून त्यांनी ‘हिंदकेसरी’ हा किताब मिळविला, आणि मराठी मुलखात पहिले हिंदकेसरी म्हणून त्यांचे नाव झाले. महाराष्ट्र राज्य तेव्हा जन्मासही यायचे होते. विजेत्याचे गाव म्हैसूर राज्यात, तालीम द्विभाषिक मुंबई राज्यात. तरीही हलगी कडाडली ती दूधगंगेच्या दोन्ही तीरांवर. पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर आणि 1964 साली मारुती माने यांनी हाच किताब मिळविला. कोल्हापुरी मातीचा तो भरभराटीचा काळ होता.

तथापि किताब हा कारकिर्दीचा मध्य असतो, शेवट नव्हे. पस्तिशीनंतर मल्लाचे शरीर उतरणीस लागते आणि हाती दुसरा धंदा नसतो. या जागी सातासमुद्रापलीकडचे एक चरित्र पडताळून पाहण्याजोगे आहे. अमेरिकेचा मुष्टियोद्धा जो लुई हा अलाबामातील वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबातला. तरुणपणी तो फोर्डच्या मोटार कारखान्यात राबला. 1937 ते 1949 अशी बारा वर्षे तो जगज्जेता होता आणि अफाट धन त्याच्या हातून गेले. निवृत्तीनंतर प्राप्तिकराच्या थकबाकीने त्याला पुन्हा रिंगणात ओढले. 1951 साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, रॉकी मार्सियानोच्या ठोशांनी तो दोरांबाहेर फेकला गेला. व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या बाजारात त्याच्या ठोशाला मोल होते. ठोसा थकल्यावर त्या माणसाला तिथे काम उरले नव्हते.

आखाड्यातही पैसा होता, हेवेदावे होते, फसवणूकही होती. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. विस्मृतीत आणि विपन्नावस्थेत गेलेले मल्ल इकडेही थोडे नाहीत. परंतु तालमीपाशी एक गोष्ट होती, जी त्या बाजाराजवळ नव्हती : वस्तादाची जागा. ज्याचे बळ ओसरले त्याचे ज्ञान तिथे कामास येते. पट केव्हा काढावा, समोरच्याचा दम केव्हा तुटतो, हे थकलेला मल्लच कोवळ्या पोराला सांगू शकतो. खंचनाळे यांचे उत्तरायुष्य कोल्हापुरातच, तरुण मल्लांना मार्गदर्शन करण्यात गेले. 14 डिसेंबर 2020 रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले. किताब मिळाल्यानंतरची एकसष्ट वर्षे ते ‘माजी’ न होता ‘हिंदकेसरी’च राहिले.

आज कुस्ती मातीवरून मॅटवर गेली आहे. वेळ आणि गुण यांचा हिशेब आला आहे. ते योग्यच आहे, कारण जागतिक स्पर्धांची तीच भाषा आहे. परंतु चिकोडी-निपाणीकडच्या शेतमजुराच्या पोराला मॅटपर्यंत पोचविणारी पहिली पायरी अजूनही गावची तालीमच आहे. तिची माती रोज उकरावी लागते. महिनाभर कोणी फावडे लावले नाही तर ती दगडासारखी होते. कपाटातले पुस्तक उघडणारा कोणी नसला म्हणजे त्याला वाळवी लागते, हे या सभागृहातील मंडळींना सांगावयास नको. हिंदकेसरी एखादाच निपजतो. माती मात्र त्याच्या आधीही आणि त्याच्या नंतरही, कोणीतरी वर्गणी देऊन मऊ ठेवावी लागते.