घर कुठे घ्यावे? पुराच्या गावातला एक हिशेब

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे म्हणतात, घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. बडोदेकरांनी आता त्यात आणखी एक जोडायला हरकत नाही : घर पाहावे पावसाळ्यात. 2024 च्या ऑगस्टमध्ये, गोकुळाष्टमीच्या दिवसांत, विश्वामित्री पस्तीस फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी पंचवीस-सव्वीस फुटांची. त्यानंतर दहा-बारा दिवसांत गणपती आले. ज्यांच्या घरातला चिखल अजून निघाला नव्हता त्यांनीही पाटावर मूर्ती बसवली. पण त्या वर्षी आरतीनंतर प्रसाद घेताना जो तो एकच विचारत होता, "काय करताय? राहताय, की हलताय?"

तेव्हापासून आम्ही मंडळातले चार-पाच जण, कुणी निवृत्त अभियंते, कुणी बँकेतले, कुणी घर सांभाळणाऱ्या, ज्यांना घर बदलायचे आहे त्यांच्याबरोबर जागा पाहायला जातो. त्यातून आमच्या मनात जो हिशेब तयार झाला तो आज मांडतो.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. ती म्हणतात, "आई-बाबा, आता इकडेच या." डॅलस, ओक्लाहोमा हा टोर्नेडोचा, म्हणजे चक्री वावटळींचा मुलूख. अमेरिकेत वर्षाला साधारण बाराशे टोर्नेडो होतात. ओक्लाहोमातल्या मूर या एकाच गावावर 3 मे 1999 ला आणि पुन्हा 20 मे 2013 ला अतिभीषण वावटळी आल्या. ऐकून आपल्या पोटात गोळा येतो, पण तिथली माणसे गाव सोडून गेली नाहीत. का? टोर्नेडोचा पट्टा अरुंद असतो. या रस्त्यावरची घरे भुईसपाट आणि पलीकडच्या रस्त्यावरची जशीच्या तशी, असेही होते. तो नेमका कुठून जाईल हे आधी कुणाला सांगता येत नाही, म्हणून एक गल्ली सोडून दुसऱ्या गल्लीत राहायला गेल्याने फारसे काही साधत नाही. ती माणसे घरात किंवा अंगणात भक्कम तळखोली करतात, भोंगा वाजला की तिथे उतरतात आणि विमा चालू ठेवतात.

पुराचे उलट आहे. पुराला पत्ता पाठ असतो. पाणी उतार शोधते, आणि उतार वर्षानुवर्षे तोच राहतो. म्हणून टोर्नेडोच्या गावात घर कुठे घ्यावे यापेक्षा ते कसे बांधावे हा प्रश्न मोठा. बडोद्यात मात्र कुठे घ्यावे हाच प्रश्न आधी. इथे अर्ध्या किलोमीटरने, कधी तर चार फुटांच्या चढाने, सगळे बदलते.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते. शहराच्या पूर्वेला सयाजीराव महाराजांनी बांधलेला आजवा तलाव आहे. तो भरला की जादा पाणी तिच्यातच येते. शहर ओलांडून ती पुढे ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखाताकडे जाते. वाटेतला प्रदेश सपाट, त्यामुळे पाणी सावकाश ओसरते. वर पावागडला पाऊस, मध्ये शहरात पाऊस आणि खाली ढाढर तुडुंब, असे तिन्ही एकदम जुळले की आलेले पाणी जाणार कुठे? शिवाय शहराचे पाणी नदीला नेणाऱ्या कांसा आहेत, भूखी कांस, मसिया कांस वगैरे. नदी फुगली की त्याच कांसांतून पाणी उलटे वस्तीत शिरते. म्हणून नदीपासून लांब घर घेतले तरी कांस कुठून जाते हे पाहिलेच पाहिजे.

जुने शहर उंचवट्यावर वसले. नदीकाठच्या सखल जमिनीवर सोसायट्या झाल्या त्या पुढे, शहर वाढले तेव्हा.

आता जोखमीचा आकडा. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" हे शब्द ऐकून आपण निश्चिंत होतो. त्याचा खरा अर्थ, दरवर्षी शंभरात एक शक्यता. घरात तीस वर्षे राहायचे असेल तर ही शक्यता वाढत वाढत शंभरात सव्वीस होते, म्हणजे चारात एक. आणि दरवर्षी दहात एक शक्यता असलेल्या जागी वीस वर्षांचे कर्ज काढले, तर हप्ते फिटेपर्यंत एकदा तरी घरात पाणी येण्याची शक्यता शंभरात अठ्ठ्याऐंशी. आपल्या गावाचा अनुभव पाहा : 2005, मग 31 जुलै 2019, त्या एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस, आणि मग 2024. वीस वर्षांत तीन मोठे पूर. 1927 च्या महापुराच्या गोष्टी आपल्या आजोबांनी सांगितल्या, त्या वेगळ्याच. 2025 च्या पावसाळ्याआधी नदीचे पात्र खोल-रुंद करण्याचे काम झाले. त्याचा उपयोग व्हावा हीच प्रार्थना, पण त्या भरवशावर आयुष्याची पुंजी लावू नये.

जागा पाहायला गेल्यावर आम्ही दलालाला काही विचारत नाही. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, रखवालदार आणि तळमजल्यावरच्या काकू, या तिघांना विचारतो : 2019 मध्ये पाणी कुठवर आले? 2024 मध्ये कुठवर? भिंतीवरची खूण दाखवा. नव्या रंगाखालीही ओल बोलते. मग पाहतो, जोते रस्त्यापेक्षा किती उंच आहे. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढतो, जोते मात्र आहे तिथेच राहते. विजेचे मीटर, पंप आणि जनरेटर तळघरात आहेत का? असतील तर पाचव्या मजल्यावर राहूनही सुटका नाही. 2024 मध्ये वरच्या मजल्यांवरची कितीतरी कुटुंबे कोरडी होती, पण वीज नाही, पाणी नाही, लिफ्ट नाही आणि खाली पाण्यात मगर असण्याची धास्ती. ती धास्ती खोटी नव्हती, घरांच्या आवारातून मगरी पकडून न्याव्या लागल्या.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जमिनीचा नाही, माणसांचा आहे. घरात कोण आहे? आमच्या ओळखीच्या एका घरात आजोबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागते. त्यांच्यासाठी दोन दिवस रस्ता बंद होणे म्हणजे जिवाशी गाठ. त्यांनी हलायलाच हवे होते, आणि ते हलले. दुसऱ्या एका घरात दोघे साठीतले, धडधाकट, दुसऱ्या मजल्यावर, शेजारी चाळीस वर्षांचे. आम्ही त्यांना म्हटले, राहा. मौल्यवान वस्तू आणि कागदपत्रे वरच्या फळीवर ठेवा, चार दिवसांचे पाणी-औषधे साठवा, घराचा विमा काढा आणि त्यात पूर धरलेला आहे ना हे वाचून घ्या. गाडीच्या विम्यात इंजिनाचे वेगळे संरक्षण असते, तेही बघा.

"त्यापेक्षा पुण्याला जाऊ" असे म्हणणाऱ्यांना आम्ही 25 जुलै 2024 ची आठवण देतो. त्या दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत मुठेचे पाणी शिरले होते. सुरतेने 2006 मध्ये तापीचे रूप पाहिले. सांगली-कोल्हापूरने 2019 मध्ये पाहिले. शहर बदलून नदी चुकत नाही. तिथेही इस्त्रीवाल्याला विचारावेच लागते.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. आपण हललो की ते घर दुसरे कुणीतरी घेते. बहुधा नव्याने गावात आलेले, कर्ज काढून घेणारे एखादे तरुण जोडपे. पाणी कुठवर आले होते ते त्यांनी विचारले तर खरे सांगावे, आणि नाही विचारले तरी सांगावे. दोन-चार लाख कमी येतील. पण इथे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शब्दाला जी किंमत आहे, ती त्याहून जास्त आहे असे आम्ही मानतो.

आणि जे हलतील, वासणा-भायलीला जावोत की आणखी कुठे, त्यांनी मंडळाला नवा पत्ता आणि फोन जरूर कळवावा. 2024 मध्ये कुणाचे आई-वडील एकटे अडकले आहेत हे सर्वांत आधी कळले ते मंडळाच्या जुन्या वर्गणीच्या वहीवरून. त्या वहीत यंदा आम्ही एक रकाना वाढवला आहे : मजला कितवा, आणि घरात आजारी कोण. आज जाताना तो भरून जा.

गणपती बाप्पा मोरया!