घरची गोधडी आणि बाजारचा भाव

घरात हाताने केलेली वस्तू विकावयाची असे ठरले की बहुधा पहिला प्रश्न निघतो तो गिऱ्हाईक कोठून मिळेल, हा. त्याच्या आधीचा प्रश्न क्वचितच कोणी विचारते. ज्या घरात ती वस्तू तयार होणार, त्या घरातील तान्हे मूल, चुलीवरचे अन्न, शाळेतून येणारी मुले आणि खुद्द करणारीची पाठ व डोळे यांचा हिशेब त्या धंद्यात कोठे मांडावयाचा? हाताचा धंदा घरात यावा तो घराला सोयीचा म्हणून. त्याने घराचाच कारखाना करून टाकला, तर खऱ्या कारखान्यात जाऊन नोकरी केलेली काय वाईट? निदान तेथे संध्याकाळी भोंगा तरी होतो.

या दृष्टीने सर्वच घरगुती उद्योग सारखे नाहीत. हातांनी केलेल्या साबणाची सध्या बरीच आवड आहे. परंतु तो खोबरेलाचा असो की कडुनिंबाचा, तेलाचा साबण होण्यासाठी त्यात कॉस्टिक सोडा घालावा लागतो, आणि हा पदार्थ कातडी व डोळे जाळणारा आहे. रांगते मूल असलेल्या घरात त्याचा डबा असू नये हे बरे. शिवाय असा साबण विकण्यासाठी करावयाचा तर सरकारी परवाना लागतो. खाद्यपदार्थांना अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली नोंदणी लागते. ती अवघड नाही. पण चुलीवरचा पाक मूल रडले म्हणून अर्ध्यावर सोडता येत नाही. गोधडीचे तसे नाही. सुई डबीत ठेवली, मूल उचलले, त्याला पाजले, निजविले, आणि मग ज्या टाक्यावर काम थांबले होते तेथूनच ते पुढे चालू झाले. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे पाळावयाचे तर आईला मुलाच्या भुकेप्रमाणे उठता आले पाहिजे. घड्याळाने बांधलेल्या कामात ते साधत नाही. सुईच्या कामात साधते.

गोधडीला कोठे वाकळ म्हणतात, बेळगावकडच्या कानडी शेजारणी कौदी म्हणतात. रीत बरीचशी एकच. वर आणि खाली दोन धडशी लुगडी, मध्ये विरलेली धोतरे, फाटक्या साड्या, जुनी पातळे यांची भर. जमिनीवर सारे ताणून अंथरावयाचे, कोपऱ्यांवर पाणी भरलेले तांबे ठेवावयाचे, आधी लांबलांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना बांधून घ्यावयाचे, आणि मग कडेपासून आत आत धावदोरा घालीत जावयाचे. टाका सगळ्या थरांतून आरपार गेला पाहिजे. मधला एखादा थर सुटला तर दोन धुण्यांत भर सरकते आणि गोळा होऊन कोपऱ्यात बसते. जुनेच सुती कापड घ्यावयाचे याला कारण आहे. वर्षानुवर्षे धुऊन त्याची खळ गेलेली असते, आटावयाचे तेवढे ते आटलेले असते, आणि ते घाम शोषून घेते. नव्या कोऱ्या कापडाची गोधडी पहिल्याच धुण्यात आकसते व सुरकुतते. मात्र दुसऱ्या घरातून आलेले जुने कापड उकळत्या पाण्यात काढून, कडक उन्हात वाळवूनच हाती घ्यावे.

खानापूरला लागून असलेल्या हल्याळ तालुक्यात, आणि तेथून खाली यल्लापूर व मुंडगोडकडे, सिद्दी लोकांची वस्ती आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आणि तेथून निसटून रानात आलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज त्यांच्यांत पुष्कळ आहेत. त्यांच्यांत हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान असे तिन्ही धर्म आहेत. त्यांच्या बायका जी गोधडी करतात तिला कवंदी म्हणतात. रंगीत तुकडे एकाशेजारी एक, कडेपासून सुरुवात करून मध्याकडे शिवीत आणावयाचे; तुकड्याची कड आत दुमडलेली, म्हणजे दोरे निघावयास नकोत. ख्रिस्ती बाईच्या कवंदीत क्रूस दिसतो, मुसलमान बाईच्या कवंदीत चंद्रकोर. शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची ‘फुले’ बसवितात. फुलांवाचून कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. २००४ साली हेन्री ड्रूअल या अमेरिकन कलाभ्यासकाच्या साहाय्याने त्यांची एक सहकारी मंडळी उभी राहिली, आणि कवंद्या थेट अमेरिकेतील प्रदर्शनांपर्यंत गेल्या. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, प्रेक्षकांचे डोळे वेधून घेणारी ती फुले बाजारासाठी काढलेली युक्ती नव्हे. स्वतःच्या नातवंडांवर घालावयाच्या कवंदीलाही ती असतातच.

आता घरातली काळजी. गोधडी जमिनीवर पसरते आणि मूलही जमिनीवरच रांगते, तेव्हा सुईची शिस्त कडक हवी. सकाळी किती सुया काढल्या ते मोजावे, उठताना तितक्याच परत डबीत गेल्या की नाही हे पाहावे. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत मुलाला खाली सोडू नये. एक लोहचुंबक घरात असावा, तो या शोधात फार उपयोगी पडतो. काम दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ करावे. रात्री दिव्याखाली काळ्या कापडावर काळा दोरा चालविणे म्हणजे डोळ्यांशी वैर. तान्ह्या मुलाला गोधडी खाली अंथरावयास उत्तम, पण तीही पातळ आणि न चुरगळणारी. जाड गोधडी त्याच्या अंगावर घालू नये आणि कोणतेच पांघरूण त्याच्या नाकातोंडावर येऊ देऊ नये. पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत म्हणून ती धुरावर धरण्याची चाल आहे. त्या धुराने बाळाच्या छातीला त्रासच होतो. त्यापेक्षा दुपट्यांची संख्या वाढवावी आणि ती गरम इस्त्रीने वाळवावी. मोठ्या मुलांनी सुईत दोरा ओवून द्यावा, इतपत ठीक. त्यांची शाळा बुडवून गोधडी पुरी करावयाची नाही.

खरे दुखणे किमतीचे आहे. पुष्कळ बायका दोऱ्याचा खर्च सांगतात, कापडाचा सांगतात, आणि स्वतःच्या हातांचे काय, असे विचारले की हसतात. ‘रिकाम्या वेळात तर केले,’ हे उत्तर ठरलेले. पण तो वेळ रिकामा नसतो. तो झोपेतून, विसाव्यातून, मुलाला गोष्ट सांगावयाच्या वेळातून काढलेला असतो. म्हणून प्रत्येक गोधडीमागे एक कागद ठेवावा आणि बसताना व उठताना त्यावर वेळ टिपावी. समजा, एका गोधडीला साठ तास लागले. गावात आठ तासांच्या शेतमजुरीचा रोज चारशे रुपये असेल तर तासाचे पन्नास रुपये झाले. साठ तासांचे तीन हजार. कापड, दोरा, सुया, धुणे मिळून साडेचारशे. म्हणजे ३४५० रुपयांखाली ती गोधडी विकणे हा तोटा आहे, मग हातात नोटा कितीही दिसोत. दुकानदार बाराशे देऊ करतो तेव्हा त्यातून साडेचारशे वजा जाऊन साडेसातशे उरतात, आणि तासाला साडेबारा रुपये पडतात. त्या दराने शेजाऱ्याची भांगलण करावयास कोणी जाईल काय? दुकानदाराला विक्रीच्या एक तृतीयांश वाटा द्यावयाचा असेल तर दुकानातली किंमत ५१७५ रुपये हवी. हा आकडा ऐकून पुष्कळ गिऱ्हाइके परत फिरतील, हे खरेच आहे. तेव्हा त्यांच्यासाठी साठ तासांची गोधडी स्वस्त करू नये. बारा तासांत होणारे बाळाचे दुपटे किंवा पाच तासांची बसावयाची चौकोनी पट्टी करावी. टाका मात्र तोच ठेवावा.

टाका तोच ठेवावा, याला एक जुना दाखला आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईस गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. आरंभी त्यांनी दोन प्रतींचे पापड केले, हलका स्वस्त आणि चांगला महाग. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी एकच प्रत ठेवावयास सांगितले, आणि हिशेब चोख ठेवावयाससुद्धा. पहिल्या वर्षी पावसाने पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत आणला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह, आणि काम सुरू. हाच पुढे ‘लिज्जत’ झाला. त्यांच्या पद्धतीत सभासद बहीण मळलेले पीठ सकाळी घरी नेते, आपल्या सोयीने लाटते, दुसऱ्या दिवशी पापड आणून देते आणि वजनावर पैसे घेते. घर आणि धंदा यांचा मेळ इतक्या साधेपणाने घातलेला फारसा आढळत नाही.

गोधडीच्या धंद्यात प्रतीचा प्रश्न कापडापाशी येतो. नऊवारी लुगडी नेसणाऱ्या बायका कमी होत चालल्या, आणि जुन्या कापडाच्या ढिगात आता कृत्रिम धाग्याच्या साड्याच पुष्कळ निघतात. त्यांचे रंग झळाळतात, पण उन्हाळ्यात त्या अंगाला चिकटतात. ओळख सोपी आहे: काठाचा एक दोरा काढून, मूल जवळ नसताना, चिमट्यात धरून पेटवावा. सुताचा दोरा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, मागे मऊ राख राहते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा टणक मणी होतो. असे कापड वापरूच नये असे नाही. दारातल्या पायपुसण्याला ते चालते. परंतु त्यावर ‘शुद्ध सुती’ अशी चिठ्ठी लावणे ही फसवणूक आहे, आणि पहिल्याच मे महिन्यात ती उघडकीस येते. चिठ्ठीवर लांबीरुंदी फुटांत, कापड कोणते, भर किती थरांची, लागलेले तास आणि धुण्याची रीत लिहावी. रंग जातो की नाही हे ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी घासून पाहावे, आणि जात असेल तर तसे लिहावे.

प्रसिद्धीसाठी फार खटाटोप नको. मोबाइलवर छायाचित्र सकाळच्या सौम्य उजेडात काढावे. एक संपूर्ण गोधडीचे, तेही खाटेवर, म्हणजे आकार कळतो, आणि एक टाक्यांचे अगदी जवळून. पहिल्या दहा गिऱ्हाइकांची नावे वहीत ठेवावी आणि वर्षाने गोधडी कशी टिकली हे त्यांना विचारावे. कुरकुर आली तर ती पहिल्याने ऐकावी. केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून कारागिरांना ओळखपत्र मिळते. आपले काम त्यात बसते की नाही याची चौकशी करून ते काढून ठेवावे, सरकारी प्रदर्शनांत त्याचा उपयोग होतो.

पण सर्वांत चांगला मार्ग इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी घरांतल्या ट्रंकांत पडून आहे. आजी गेली, तिची लुगडी कोणी नेसत नाही आणि टाकवतही नाहीत. अशा घरी जाऊन त्याच लुगड्यांची गोधडी करून देण्याचे काम घ्यावे. यात कापडाचा खर्च नाही, माल पडून राहण्याचे भय नाही, आणि हातांच्या किमतीवर घासाघीस करावयाचे गिऱ्हाइकाच्या जिवावर येते. मात्र जबाबदारी मोठी. किती लुगडी मिळाली, कोणत्या रंगाची, त्यावर डाग वा जर होती काय, याची यादी करून दोघांनी सही करावी. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. गोधडी केव्हा मिळेल ते सांगताना घरातले सण, मुलांच्या परीक्षा आणि आजारपण धरून तारीख सांगावी. कात्री लावण्यापूर्वी कोणता काठ राखावयाचा ते विचारावे; कारण एखाद्या फाटक्या काठासाठीच ते सारे केले जात असते. आणि गोधडी देताना उरलेल्या चिंध्याही, अगदी बोटभर असल्या तरी, पुरचुंडी बांधून परत कराव्यात.